पोरगं मामाच्या गावाला जायला तयार नाही ओ मॅडम

मी समुपदेशनाचं काम करते, आणि एप्रिल संपायला आला की माझ्याकडं एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या तोंडातनं येतं. पोरांना सुट्टी पडली, आता ह्यांना न्यायचं कुठं, बाहेर ऊन, घरात दिवसभर मोबाईल, नवऱ्याला रजा नाही, आणि स्टेटस बघावं तर अख्खी दुनिया मनालीला गेलेली. परवा एकीनं फोनवर हेच विचारलं, शेवटी म्हणाली फुकटातलं मामाचं गाव आहे नदीकाठी, पण पोरगं जायलाच तयार नाही. ते ऐकलं आणि मला मागची एक केस आठवली. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे हलवलेत.

त्या ताई कोल्हापुरातल्याच. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, शिफ्टची ड्युटी. थोरला सातवीत जाणार, धाकटी दुसरीत. ताईंचं माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मी थकलो ओ मॅडम, रोज भांडून भांडून थकलो." (आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो, बाहेरचा माणूस दचकतो.) तक्रार अशी की दरवर्षी सुट्टीत माहेरी जायचं ठरलं की पोराच्या पोटात दुखायला लागतं. नेलंच तर दिवसभर मोबाईल घेऊन माडीवर बसतो, मळ्यात येत नाही, नदीवर तर नाहीच नाही. "गेमचं व्यसन लागलंय, गावाला रेंज नीट मिळत नाही म्हणून ही नाटकं."

आता माझी चूक सांगते. मी पण तेच धरून चालले. मोबाईलचं वेळापत्रक करून दिलं, वर सल्ला दिला की पंधरा दिवस मामाकडं ठेवा, आईबाप नसले की पोरं रमतात. दुसऱ्याच रात्री मामाचा फोन, पोरगं रडून रडून उलट्या करतंय, येऊन घेऊन जा. पहाटे बाप मोटरसायकलवर जाऊन घेऊन आला आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. पोराशी एकट्याशी पंधरा मिनिटंसुद्धा न बोलता मी तो सल्ला दिला होता, इतकी वर्षं काम करून.

पुढच्या वेळी आईला बाहेर बसवलं आणि पोराला म्हणलं, तुझ्या मोबाईलमध्ये काय असतं ते दाखव की मला, मला गेममधलं काही कळत नाही. त्यानं दाखवलं. गेम होते, नाही असं नाही, पण सगळ्यात जास्त उघडलेलं होतं ते हवामानाचं ॲप. त्याच्या मामाच्या गावचं नाव सेव्ह करून ठेवलेलं. त्या आठवड्यात दोनदा वळीव झाला होता, आपल्याकडं मे महिन्यात होतोच, दुपारभर घामाच्या धारा आणि संध्याकाळी गडगडाट. हा पोरगा दर तासाला बघत होता पाऊस किती पडला. मला विचारलं, "राधानगरीचे दरवाजे आता उघडत नाहीत ना?" मे महिन्यात! धरण तळाला लागलेलं असताना!

मग हळूहळू बाहेर आलं. २०१९ चा ऑगस्ट. हा तेव्हा पहिलीत. पंचमीला ताई दोन्ही पोरं घेऊन माहेरी गेलेल्या, त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला होती आणि पाणी त्याच्या आधीपासनंच चढत होतं. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, इथं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, त्या वर्षी पातळी ५५ फुटाच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. शिरोळकडं तर पंचगंगा आणि कृष्णा, दोन्ही नद्यांचं पाणी. गावात बोटी आल्या तेव्हा कडेवर बाळ म्हणून ताईंना पहिल्या बोटीत बसवलं, हा शेजारच्यांबरोबर दुसऱ्या बोटीत. आई पुढं गेलेली दिसली आणि मग दिसायची बंद झाली. कॅम्पच्या शाळेत दोघांची गाठ पडायला संध्याकाळ झाली.

ताईंना हे सांगितलं तर त्या बघतच राहिल्या. "पण तो तर विसरला की हो सगळं, लहान होता." खरं सांगायचं तर त्या दिवसाबद्दल घरात कुणीच परत बोललं नव्हतं. म्हशी किती गेल्या, भिंत कुठली पडली, भरपाई किती आली, हे सगळं बोलून झालं, दुसऱ्या बोटीतल्या पोराचं काय झालं हे राहूनच गेलं. बाप पहिल्यांदा माझ्याकडं आला तेव्हा बराच वेळ गप्प बसला, मग एवढंच म्हणाला, "मी इकडं अडकलो होतो. रस्ताच नव्हता."

तर आता सुट्टी. मी म्हणलं मामाचं गाव सध्या बाजूला ठेवा, आपण नदीकडं जाऊ पण कोल्हापूरच्या बाजूनं, आणि पोराच्या चालीनं. नियम एकच, तो "परत" म्हणाला की सगळ्यांनी परत फिरायचं, वाटेत टोमणे नाहीत, घरी आल्यावर चर्चा नाही. ताईंना हे पटायला वेळ लागला, "म्हणजे त्याच्या मनासारखंच करायचं व्हय?" म्हणलं हो, महिनाभर करून बघा.

पहिल्यांदा पंचगंगा घाट. ऊन उतरल्यावर गेले, भेळ घेऊन पायऱ्यांवर बसले, बास. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की नदीतली देवळं मोकळी दिसतात, पावसाळ्यात तीच पाण्यात असतात. पोरानं पायऱ्या मोजल्या. धाकटी दोनदा चुकली म्हणून परत मोजल्या. दुसऱ्या आठवड्यात कसबा बावड्याला राजाराम बंधारा, कारण ज्या बंधाऱ्याचे आकडे तो बातम्यांत बघत होता तो त्यानं कधी डोळ्यानं बघितलाच नव्हता. तिथं एका म्हाताऱ्या माणसानं त्याला सांगितलं की पाऊसकाळ संपला की खांबांच्या मधल्या गाळ्यात बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी ते काढून ठेवतात, म्हणजे पुराला वाट मिळते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच प्रकार. पोरगं मला सांगायला लागलं, "मॅडम, लोक आधीच तयारी करतात, बरगे काढून ठेवतात." हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या डोक्यात पाणी नुसतं येतं, एवढंच होतं.

मध्ये एक रविवार घरातच गेला कारण ताईंनी कुरडया घातल्या. हे पण मीच सांगितलेलं, प्रत्येक वेळी गाडी काढायची गरज नाही. गव्हाचा चीक, त्यात तूप साखर, गच्चीवर राखणीला दोन्ही पोरं, कावळ्यांना हाकलायच्या निमित्तानं अर्ध्या ओल्या कुरडया खाऊन टाकल्या. त्या दिवशी मोबाईल कुठं होता हे कुणालाच आठवत नाही असं ताई म्हणाल्या.

मग नरसोबाची वाडी. पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते ते ठिकाण, म्हणजे त्याच्या दृष्टीनं दोन्ही शत्रू एकत्र. सकाळी लवकर निघाले, दर्शन झालं, पेढे झाले, कवठाची बर्फी झाली. घाटावर मामा येऊन भेटला, त्यानं दक्षिणद्वाराचं सांगितलं, की पुराचं पाणी उत्तर दरवाजातनं देवळात शिरतं आणि पादुकांवरनं दक्षिण दरवाजानं बाहेर पडतं, तेव्हा लोक मुद्दाम त्या पाण्यात आंघोळीला येतात. पोरगं म्हणालं, "भीत नाहीत?" मामा म्हणाला, "भितात की. कुठपर्यंत आलंय बघूनच उतरतात." चांगलं उत्तर, मला सुचलं नसतं. नंतर धाकटीनं नावेत बसायचा हट्ट धरला आणि हा पांढरा पडला, "परत" म्हणाला. सगळे फिरले. धाकटी रस्ताभर रडली, बापानं एक शब्द काढला नाही. ताईंना वाटलं महिन्याची मेहनत पाण्यात गेली. मला उलट वाटलं. पोराला पहिल्यांदा कळलं की आपण थांबा म्हणलं की मोठी माणसं खरंच थांबतात.

त्याच्या पुढचा रविवार त्यानं स्वतः मागितला. खिद्रापूर. वाडीपासनं फार लांब नाही, कृष्णेच्या काठालाच कोपेश्वराचं शिलाहारांच्या काळातलं देऊळ. स्वर्गमंडपात ४८ खांब आणि वर छताच्या मधोमध गोल मोकळं आकाश, पोरं खाली दगडावर उताणी पडून ढग बघत बसली, त्यासारखी उन्हाळ्यातली दुसरी गार जागा नाही. धाकटी विचारत होती नंदी कुठाय. तिथं नंदी नाहीच. गोष्ट अशी सांगतात की सती नंदीवर बसून माहेरी गेली आणि इकडं देव कोपला. ताई मला सांगताना हसत होत्या, "म्हणलं ह्यांना, बघा, माहेरी जायचा त्रास देवापासनं आहे." बाप पण हसला म्हणे.

इथं एक दोन गोष्टी मध्येच सांगते कारण आया विचारतातच. ह्या सगळ्यात कुणीही नदीत उतरलं नाही. पंचगंगेचं पाणी उन्हाळ्यात कसं असतं, जलपर्णी आणि वास, ते आपल्याला ठाऊक आहे, आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी शांत दिसलं तरी आत ओढ असते, तिथं पोरं सोडायची नाहीत, चांगलं पवायला येणारी पण नाहीत. शिकवायचंच तर टँकवर किंवा घरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, पाण्यात मोठं माणूस असताना. दुसरं, पोटदुखी आधी डॉक्टरांना दाखवूनच माझ्याकडं या. आणि झोप उडाली असेल, रोज उलट्या होत असतील, शाळासुद्धा सुटत असेल तर सहलींवर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जवळ कुणी नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे.

मेच्या शेवटी ते मामाकडं गेले. एकच मुक्काम, आई बरोबर. मामानं मळी दाखवली, म्हणजे पुरानं आणून टाकलेली गाळाची काळी रानं, कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव होतं ते त्या मातीमुळं. रात्री भरीत भाकरी. पोरानं भिंतीवरची पाण्याची खूण धाकटीला दाखवली, त्याच्या डोक्याच्या बरीच वर होती. नदीवर गेला, काठावर उभा राहिला, नावेत काही बसला नाही. अजून बसत नाही.

परत आल्यावर ताईंनी मला वहीचं एक पान आणून दाखवलं. मामाच्या घरी जेवताना त्यानं सगळ्यांना विचारून लिहिलेलं. पाणी आलं तर म्हशी आधी कुठं न्यायच्या, कागदपत्रं कुणी घ्यायची, आजीला कोण धरणार. सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित, "पहिली बोट" आणि त्याखाली तीन नावं. आई, धाकटी आणि तो स्वतः.