अन्नजाळ्यातले बाण

प्रश्न : निसर्गसहलीत मुलांना अन्नजाळं (कोण कुणाला खातं हे बाणांनी दाखवणारं चित्र) काढायला सांगितलं की गवत, ससा, वाघ एवढंच येतं. प्रत्यक्ष पाहिलेलं काहीच नसतं. काय करावं?

उत्तर : मोठे प्राणी सोडा, पालापाचोळा धरा. चौघांच्या गटाला सुतळीने आखलेला १ चौरस मीटरचा तुकडा, पांढरं फडकं, भिंग आणि मऊ ब्रश द्या. ओलसर पाला दोन मुठी फडक्यावर पसरून ५ मिनिटं गप्प बसायचं. वाणी (मिलिपीड), कोळी, मुंग्या हलू लागतात. गोमेला हात लावू देऊ नका, चावते. भर उन्हात हा उद्योग फसतो, कारण वरचा पाला सुकला की जीव खाली ओलाव्यात उतरतात. सकाळीच जा.

मग अन्नजाळं काढताना पुरावा दिसला तरच सलग बाण : कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली माशी, पान कुरतडणारी अळी. नुसता अंदाज असेल तर तुटक रेघ. बाणाचं टोक खाणाऱ्याकडे, म्हणजे माशीकडून कोळ्याकडे. अन्नातली ऊर्जा तिकडे जाते. मुलं हमखास उलटं काढतात, कारण ‘कोण कुणाला खातं’ असा विचार खाणाऱ्यापासूनच सुरू होतो. कुजक्या पानांवरचे बुरशीचे पांढरे धागे मात्र मोठ्यांच्याही नजरेतून सुटतात. तेही अन्नजाळ्यात हवेत. निघताना पाला होता तिथेच पसरा.