‘लोकानुनय’ की ‘लोकवाद’?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचकाने विचारले आहे: पक्षातल्या सगळ्या गटांना बांधून ठेवणारा संदेश म्हणून एका लेखात ‘इकॉनॉमिक पॉप्युलिझम’ आले आहे, त्याला ‘आर्थिक लोकानुनय’ म्हणावे का?

माझ्या मते म्हणू नये. अनुनय म्हणजे मनधरणी. वर्तमानपत्रात ‘लोकानुनयी अर्थसंकल्प’ छापून येते तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो: मतांसाठी खिरापत वाटली. स्वतःच्या जाहीरनाम्यात हा शब्द कोणता पक्ष लिहील?

शिवाय अनुनयाला दोघे पुरतात, मनवणारा आणि ज्याला मनवायचे तो. पॉप्युलिझमला तिसरा लागतोच, ज्याच्याविरुद्ध लोक एकवटतात तो. अमेरिकेतल्या पीपल्स पार्टीच्या लोकांना ‘पॉप्युलिस्ट’ हे नाव पडले. १८९२ साली ओमाहात त्यांनी जाहीरनामा काढला. रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी, उत्पन्न वाढेल तसा प्राप्तिकर चढता असावा, अशा त्यात मागण्या होत्या. कर्जबाजारी शेतकरी आणि शहरातला मजूर एका बाजूला, रेल्वे कंपन्या आणि सावकारी भांडवल दुसऱ्या बाजूला. यात मनधरणी कुठेच नाही.

हा आशय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ‘शेतकरी कामगार पक्ष’ या नावातच दोन वर्गांची सांगड आहे, आणि सांगोल्याने त्या पक्षाच्या गणपतराव देशमुखांना ११ वेळा विधानसभेत पाठवले. सोलापूर शहरात तर एका घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू किंवा मराठी. पण विडी वळणाऱ्या बायकांचा ‘हजार विड्यांमागे मजुरी किती?’ हा प्रश्न सगळ्या भाषांत एकच. पक्षाला बांधणारा संदेश म्हणतात तो असा असतो, आणि म्हणूनच त्याला हिणवणारा शब्द चिकटवू नये असे मला कळकळीने वाटते.

मग ‘पॉप्युलिझम’ला मराठीत कोणता शब्द घ्यावा? ‘लोकरंजन’ करमणुकीकडे झुकते. ‘जनवाद’ छान वाटतो, पण डाव्या चळवळीत ‘जनवादी’ म्हणजे लोकशाहीवादी. जनवादी महिला संघटनेच्या नावात तोच अर्थ आहे. उरतो ‘लोकवाद’. संस्कृतात त्याचा अर्थ लोकांतली बोलवा असा होता, पण आज मराठीत तो कुणाच्या मनात येत नाही.

म्हणून ‘आर्थिक लोकवाद’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘मूठभर धनिकांविरुद्ध सामान्यांची बाजू घेणारे राजकारण’ असा खुलासा जोडा. विरोधकाच्या तोंडचे वाक्य असेल, तर ‘लोकानुनय’ खुशाल ठेवा.