वाळू उपसणारा ड्रेजर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तळाची वाळू सुटी आहे. तरी कटर (तळ खोदणारे फिरते पात्यांचे डोके) हवाच का?

नाही. सुट्या वाळूला साधा सक्शन पाइप आणि तोंडाशी पाण्याचे जेट पुरतात. घट्ट वाळू किंवा चिकणमातीचे थर लागले तर कटर हवा. ते तळात घेतलेल्या बोअरचे (छिद्राचे) नमुने पाहून ठरवा.

प्रश्न : विक्रेता ताशी १००० घनमीटर क्षमता सांगतो. तेवढी वाळू धरायची का?

मुळीच नाही. हा आकडा पाणी आणि वाळू मिळून असतो, पुष्कळदा तर नुसत्या स्वच्छ पाण्याचा. मिश्रणाची घनता (पाण्याची १ धरून) १.२ राखली तर त्यात तळात बसलेली वाळू साधारण २२० घनमीटर भरते. घनता १.१ वर आली की तीही निम्मी. कणांचा आकार, पाइपची लांबी, चढाची उंची आणि घनता लिहून दिल्याशिवाय सही करू नका. तो कागद आधी स्वतंत्र अभियंत्याला दाखवा.

प्रश्न : पंप डेकवर, पाण्याच्या पातळीला आहे. १२ मीटरपर्यंत वाळू चांगली येते, २२ मीटरवर नुसते पाणी. सगळे म्हणतात, मोठे इंजिन बसवा.

बसवू नका. हा सल्ला कोण पसरवतो कळत नाही, पण त्यापायी चांगले पंप भंगारात जातात.

पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो. मिश्रण वर ढकलतो तो बाहेरचा दाब. पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याइतका असतो आणि अश्वशक्तीने तो तसूभरही वाढत नाही. आता हिशेब करा. २२ मीटरवर बाहेरचा एकूण दाब ३२.३ मीटर. पाइपात १.३ घनतेचे मिश्रण असेल तर तो २२ मीटरचा स्तंभच २८.६ मीटर खातो. उरले ३.७. सेकंदाला ४ मीटर वेग द्यायला साधारण १.१ जातात, तोंडाशी आणि घर्षणात आणखी. पंपाला चालायला काही मीटर लागतात, ते उरतच नाहीत. म्हणून मिश्रण पातळ होते आणि तुम्हाला पाणी दिसते.

फेरे वाढवले की घर्षण वाढते, इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या) तोंडाशी पाण्याची वाफ होते आणि ते बुडबुडे पात्यांवर फुटतात. केसिंगमध्ये खडे फिरल्यासारखा आवाज आला तर त्याच क्षणी वेग कमी करा. ‘संध्याकाळी बघू’ म्हणाल तर पात्यांना खड्डे पडलेले असतील.

मुख्य उपाय : पंप लॅडरवर (सक्शन पाइप पाण्यात उतरवणाऱ्या भुजेवर), पाण्याखाली. १० मीटर खाली बसवला तर याच हिशेबात ३.७ च्या जागी १६.७ मीटर मिळतात. मात्र लॅडर, विंच आणि तराफा ते वजन पेलतील का, हे तपासून घेतल्याशिवाय बदल करू नका.

प्रश्न : व्हॅक्यूम गेज चढतो आणि डिस्चार्जचा दाब उतरतो. म्हणजे काय?

सक्शनचे तोंड गाडले गेले आहे किंवा त्यात काही अडकले आहे. तोंड लगेच वर घ्या.

प्रश्न : ३०० मिमीची लाइन सारखी चोंदते. ३५० मिमीची टाकू का?

तोच पंप ठेवून टाकाल तर जास्त चोंदेल. मध्यम वाळू तरंगत न्यायला ३०० मिमी पाइपात सेकंदाला साधारण ४ मीटर वेग लागतो. तोच प्रवाह ३५० मध्ये सोडला की वेग ३ च्या खाली जातो आणि वाळू तळाशी बसते. आधी बंद करण्याची पद्धत पाहा : सक्शनचे तोंड उचलून स्वच्छ पाणी चालवायचे, १००० मीटर लाइनला निदान पाच मिनिटे, मग पंप थांबवायचा. तरीही चोंदली तर वाळूच्या कणांच्या चाळणी चाचणीचा अहवाल घेऊन पंपवाल्या अभियंत्याकडे जा.

प्रश्न : ग्लँडला (पंपाच्या शाफ्टभोवतीच्या गळती रोखणाऱ्या भागाला) उपशाचेच पाणी दिले तर?

शाफ्टची स्लीव्ह (वरची संरक्षक नळी) कापली जाईल. स्वच्छ पाणीच द्या, पंपाच्या दाबापेक्षा थोड्या जास्त दाबाने.

प्रश्न : उपसा थांबवल्यावरही काठ ढासळतो. दोन तास थांबून पुन्हा सुरू करू का?

नाही. घट्ट वाळूचा उभा कडा पाण्याखाली काही काळ टिकतो, मग कण कण सुटत मागे सरकतो, आणि पंप बंद असला तरी हे चालूच राहते. वरून शांत दिसणे हा पुरावा नाही. माणसे आणि वाहने काठापासून लांब न्या, तळाची खोली मोजून आडवे छेद काढा आणि भूतांत्रिक अभियंत्याने उतार ठरवून दिल्याशिवाय तोंड पाण्यात उतरवू नका. जवळ पुलाचा खांब किंवा बांध असेल तर त्या अभियंत्याला आजच फोन करा.