मटार सोलताना परीक्षा नको

(गेल्या अंकात मी लिहिलं होतं की लहान मुलांना शिकवायला वेगळं सामान आणू नका, घरातल्या कामात घ्या. त्यावर बरीच पत्रं आली, काही चिडूनही आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण चार पत्रं अशी होती की ज्यात बाकीच्यांचेही प्रश्न आले, म्हणून तीच घेतली आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. मी डोंबिवलीला राहते, ऑफिस मुंबईत, घरी पोचायला पावणेआठ होतात. मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज कुणीतरी मुलांच्या अ‍ॅक्टिव्हिटीचे फोटो टाकतं, ते बघून मी एका रविवारी रंगीत तांदूळ केले, रंगवणं, वाळवणं, चाळणं यात माझे दोन तास गेले आणि ती दहा मिनिटं खेळली, मग तांदूळ घरभर. तुम्ही म्हणता कामात घ्या, पण मला कामालाच वेळ नाही. मी कमी पडतेय का?

उत्तर : ताई, ते रंगीत तांदूळ आधी डब्यात भरून माळ्यावर टाका, दिवाळीत रांगोळीला वापरता येतील. कमीबिमी काही पडत नाही तुम्ही. तुमचा त्रास एवढाच आहे की दिवसभराच्या नोकरीनंतर घरी अजून एक शाळा भरवायची असं कुणीतरी तुमच्या डोक्यात घातलंय.

पावणेआठला आल्यावर तुम्ही काय करता ते आठवा. कुकर लावता, कणीक मळता, दोरीवरचे कपडे काढता, ताटं घेता. यातलं एकच काम तिला द्या, रोज तेच द्या. समजा कुकर. तांदूळ वाटीने तिने मोजायचे, तुम्ही हात धुताधुता मोठ्याने म्हणायचं, "आज दोन वाट्या तांदूळ, म्हणजे चार वाट्या पाणी" आणि पाणी तिने ओतायचं, सांडलं तर फडकं तिच्याच हातात द्यायचं, न रागावता. तिला विचारू नका की दोन वाट्यांना किती पाणी. तुम्ही फक्त बोलत राहा. आठ-पंधरा दिवसांनी पाहुणे येतील, तुम्ही तीन वाट्या तांदूळ काढाल आणि ती आपणहून म्हणेल, मग पाणी जास्त लागेल ना? तो "जास्त लागेल ना" म्हणजेच गणित, सहा वाट्या हे उत्तर नंतर येतं आणि नाही आलं तरी भात बिघडत नाही, तुम्ही आहात ना तिथे.

शिट्ट्या मोजायचं काम पण तिचंच. तीन झाल्या की तिने ओरडून सांगायचं. गॅस बंद तुम्हीच करायचा, ते काम सात-आठ वर्षांपर्यंत तिच्याकडे नाही, विळी पण नाही.

आता खरा मुद्दा. आपण मुलांना कामात घेतो आणि लगेच त्यांची परीक्षा सुरू करतो. माझ्या शेजारच्या घरातली गोष्ट सांगते. डिसेंबरात मटारची मोठी पिशवी आली, आई आणि साडेतीन-चार वर्षांचा मुलगा पेपर पसरून सोलायला बसले. तो मजेत होता, शेंगेच्या टोकाला नख लावायचं, "टक" आवाज आला की हसायचं, अंगठा आतून फिरवून दाणे ताटलीत. आईने सुरू केलं, "हा कुठला कलर? ग्रीन ना? आणि किती दाणे आहेत? काउंट कर बघू." तिसऱ्या प्रश्नाला तो उठून गेला. चौथी शेंगसुद्धा सोलली नाही त्याने. दुसऱ्या दिवशी आजी बसली त्याच्याबरोबर, ती स्वतःशीच बोलत होती, "ही बघ किती फुगलीय, हिच्यात नऊ तरी असतील" मग उघडली तर सात. "फसवलं की हिने." झालं, मग तो प्रत्येक शेंग उघडायच्या आधी आकडा सांगायला लागला, ही पाचवाली, ही दहावाली, आणि उघडून मोजायला लागला कारण आता त्याला जिंकायचं होतं. अर्धा किलो शेंगा त्या दोघांनी संपवल्या. काम तेच, मटार तेच.

दुसरं, काम खरं द्या. खोटं काम मुलांना लगेच कळतं. कणकेचा गोळा खेळायला दिला तर पाच मिनिटं, पण तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली, कुठल्याही देशाचा नकाशा का असेना, आणि बाबांच्या ताटात वाढली की उद्या ती पोळपाट स्वतः घेऊन येते. आणि ताटं वाढताना बोला, बाबांना तीन, मला दोन, आजीला दीड. दीड पोळी म्हणजे काय हे एकदा तिला तिच्या हाताने मोडून आजीच्या ताटात ठेवू द्या.

वेळ दुप्पट लागेल हे मान्य. म्हणून रोज एकच काम, बाकीची तुम्ही नेहमीच्या स्पीडने उरका आणि ज्या दिवशी लोकल लेट झाली, डोकं उठलंय, त्या दिवशी काही नाही. वरणभात खा आणि झोपा दोघी.

प्रश्न : मी सांगलीचा, निवृत्त आहे. नातू सहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमात पहिलीला. त्याला पंचवीस लिही म्हटलं की 52 लिहितो आणि एकोणतीस म्हटलं की "म्हणजे किती?" विचारतो. सूनबाई म्हणतात आकडे इंग्रजीतच राहू द्या, गोंधळ नको. मला ते पटत नाही. घरी काय करता येईल?

उत्तर : काका, नातवाला रागावू नका, तो बरोबर ऐकतोय. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र 2 आधी. ट्वेंटी फाइव्हमध्ये बोलणं आणि लिहिणं एकाच दिशेने जातं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसचं "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल, टिंगल पुष्कळ झाली, पण अडचण खरी होती. मला स्वतःला जुने शब्द जायला नको आहेत, पण मुलाला ते का अवघड जातात हे आपण समजून घ्यायला हवं.

पंचवीससाठी पाकीट काढा. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी. दुधाची पिशवी किंवा कोथिंबीर आणायला निघालात की पैसे त्याने मोजून द्यायचे. पंचवीस म्हणजे दहाच्या दोन नोटा आणि वर पाच नाणी. नोटा डाव्या हाताला ठेवायच्या, नाणी उजव्या, तशीच मग कागदावर. 52 ला पाच नोटा लागतात, हे एकदा त्याच्या लक्षात आलं की तो स्वतःच म्हणेल, एवढे कुठे झाले!

एकोणतीससाठी घरी अंडी खात असाल तर सोपं आहे. दुकानात अंड्यांचा जो मोठा ट्रे असतो त्यात 30 अंडी बसतात, पाच ओळी, प्रत्येकीत सहा. भरलेला ट्रे आणा आणि त्याला एक अंडं काढू द्या. तिसाला एक कमी, एकोणतीस. "एकोण" म्हणजे एक उणा, हे त्या रिकाम्या खळग्याकडे बोट दाखवून सांगायचं. अंडी खात नसाल तर तीन पाकिटांत दहा-दहा शेंगदाणे भरा आणि एक त्याला खाऊ द्या. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे हेच आहे, मोडतं ते फक्त नव्व्याण्णवला. हे अपवादाचं गुपित त्याला सांगा, मुलांना नियमापेक्षा नियम कुठे मोडतो ते जास्त आवडतं.

आणि भाजी बाजारात त्याला न्याच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, एवढे सुटे शब्द आपल्याकडे आहेत, तुम्ही स्वतः लहानपणी पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ केली असेल. त्याच्या वर्गात ते कुणी म्हणणार नाही. पाव किलो भेंडी आणि पाव किलो कोथिंबीर दोन्ही हातात देऊन बघा, वजन सारखं आणि पिशवी केवढी वेगळी, यावर तो घरी येईपर्यंत भांडेल. सूनबाईंना सांगा की इंग्रजी आकडे शाळेत होतच आहेत, ते काढून घ्यायचे नाहीयेत, आजोबांचे आकडे बाजारात चालतील, शाळेचे वहीत. मुलं दोन्ही सांभाळतात.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. नर्सरीतून रोज एक पान लिहायचा होमवर्क येतो. तो पेन्सिल नीट धरत नाही, दोन रेघा मारतो आणि रडतो. घरी सराव कसा घ्यावा?

उत्तर : सराव घेऊ नका. साडेतीन वर्षांच्या बोटांत लिहिण्याएवढी ताकद आलेलीच नसते, त्यात त्याचा आळस नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा तीन ते आठ वर्षांचा पहिला टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून, करण्यातून शिकण्यावर भर आहे, टीचरशी बोलताना याचा उपयोग होईल. शांतपणे बोला, त्यांच्यावरही पालकांचंच प्रेशर असतं, वही कोरी दिसली की फोन येतात.

बोटांना काम द्या म्हणजे झालं. दोरीवर रुमाल लावून चिमटे त्याने लावायचे, चिमटा दाबायला किती जोर लागतो ते स्वतः करून बघा. कढीपत्त्याची पानं काडीवरून ओढणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, भिजवलेल्या बदामाची सालं काढणं (सालं काढेल तो, बदाम त्याला कुटूनच द्या). या वयाच्या मुलांच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊ नका, श्वासनलिकेत अडकतात, नाकात घालतात, हा धोका खरा आहे. काकांना वर मी शेंगदाणे सांगितले ते सहा वर्षांच्या मुलासाठी.

हे काही नवं फॅड नाहीये. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत ओतणं, पुसणं, बटणं लावणं हे मुलांचं शिक्षणच मानलं जातं आणि आपल्याकडे बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूच वापरल्या. मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. आपल्या अंगणात, म्हणजे आता बाल्कनीत, तेवढं तरी करू.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला मी भाजी निवडायला बसवलं तर सासूबाई म्हणतात, मुलाच्या जातीला ही कामं कशाला. काय उत्तर देऊ?

उत्तर : उत्तर देऊ नका, त्यांनाच गुरू करा. "आई, मेथी निवडायला तुमच्याइतकं कुणाला जमत नाही, याला दाखवता का?" म्हणा आणि तिथून उठा. आमच्याकडे हे चाललं. फक्त पहिल्या दिवशी जुडी कढईत टाकायच्या आधी एकदा बघून घ्या, माझ्या नातवाने मन लावून अर्धा तास मेथी निवडली, पानं सगळी कचऱ्यात आणि काड्या धुऊन चाळणीत.