सिंगापूरला बिऱ्हाड हलवताना बॅगेत काय भरावं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. यजमानांची सिंगापूरला बदली, जानेवारीत तिघांनी निघायचं, लेक पाच वर्षांची, माणशी ३० किलो सामान, काय न्यावं नि काय ठेवावं. आणि शेवटी तुमचं वाक्य, "आम्ही नागपूरचे, उकाड्याची काळजी नाही." मी तिथूनच सुरुवात करते.

नागपूरचा मे काढलेल्याला इथला पारा किरकोळच वाटणार. इथला आजवरचा उच्चांक ३७ अंश, तोही १९८३ आणि २०२३ मध्ये गाठलेला. एरवी दुपारी ३१ ते ३३, रात्री २४-२५, आणि हे बारा महिने. पण नागपुरात घाम येतो नि उडून जातो, म्हणून तर तिथे कूलर चालतो. इथे हवेत सरासरी ८० टक्के आर्द्रता, पहाटे नव्वदीच्या वर. घाम अंगावरच राहतो आणि कूलर लावलात तर खोली आणखी ओली होते. मी चिपळूणची. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात कपाट उघडलं की जो कुबट वास येतो, तो इथे वर्षभर दबा धरून बसलेला असतो. तेव्हा बॅग भरताना प्रत्येक वस्तूपाशी एवढंच बघा: हिला दमट हवा सोसेल का?

कपड्यांचं आधी. सुती, लिनन, मलमल, सैल शिवलेलं. रेडिमेड कुर्ती घेताना ती उलटी करून बघा. वरून सुती आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर असतं. इथे ते अस्तर पाठीला चिकटतं आणि बस स्टॉपपर्यंत जाईस्तोवर जीव नकोसा होतो. अस्तर काढून टाका नाहीतर कुर्तीच ठेवून या. जाड जीन्स दोन पुरेत, कारण पावसाळी आठवड्यात ती दोरीवर तीन दिवस ओलसर राहते. त्याउलट आतले कपडे, रुमाल, पातळ टॉवेल भरपूर आणा. दिवसातून दोनदा आंघोळ आणि दोनदा कपडे बदलणं इथे चैन नाही. जाड टर्किश टॉवेल मात्र नको, तो सुकतच नाही.

आणि आता उलटं सांगते: स्वेटर आणा. लोकरीचा जाड नव्हे, पातळ कार्डिगन किंवा शाल, पर्समध्ये मावेल अशी. ली क्वान यू १९५९ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा सरकारी कचेऱ्यांत एसी बसवणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी होतं, असं ते स्वतःच सांगायचे. ती परंपरा सगळ्यांनी जरा जास्तच मनावर घेतलीय. एमआरटी (इथली मेट्रो), मॉल, लायब्ररी, थिएटर, ऑफिस, सगळीकडे कुडकुडायला होतं. घामाने भिजून एकदम त्या गारठ्यात शिरल्यावर लहान मुलं पार गारठून जातात. लेकीचं एक जॅकेट आणि एक कोरडा टी-शर्ट कायम जवळ ठेवा.

पैठणीबद्दल तुम्ही खास विचारलंय. दोन आणा, सगळं कपाट नको. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम असतात, दिवाळी-गणपतीला नेसायला मिळते, आणि हॉलला एसी असतो म्हणून नेसवतेही. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीत तर आत ओल कोंडून जरीचे काठ काळे पडतील, घडीवर ठिपके येतील. जुन्या सुती साडीत गुंडाळा, दर महिन्या-दोन महिन्यांनी घडी मोडा. आपल्याकडे साड्यांना वारा दाखवतात तसं गॅलरीत टाकू नका, इथला वाराच ओला. एसी लावलेल्या खोलीत पलंगावर तासभर पसरून ठेवा. कपाटात ओल शोषणारे डबे ठेवतात, पाणघोड्याचं चित्र असलेले, कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. आत कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात. काही आठवड्यांत खडे विरघळून डबा पाण्याने भरतो आणि हवेत किती पाणी आहे ते डोळ्यांना दिसतं. ते पाणी त्वचेला आणि कपड्यांना वाईट, लेकीच्या हाती लागू देऊ नका.

चामडं शक्यतो नकोच. पट्टे, पर्स, फॉर्मल बूट नुसते कपाटात राहिले की त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते. कोल्हापुरी आणायचीच असेल तर सणापुरती एक. पावसात भिजली की तळ फुगतो. नवे स्पोर्ट्स शूज "पुढे उपयोगी पडतील" म्हणून दोन-तीन जोड आणू नका. त्यांच्या तळातलं पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटित होतं आणि न वापरलेला बूट एके दिवशी पायाखाली चुरा होतो. रोजच्या वापराला रबरी तळाच्या, पाण्यात चालतील अशा सँडल्स. यजमान तबला वाजवतात म्हणता, तर आणू द्या, पण पुडी (तबल्यावरचं कातडं) ओल धरून सैल पडते आणि सूर उतरतो, हे त्यांना आधीच माहीत असू दे. कॅमेरा असेल तर लेन्सला बुरशी लागते. त्यासाठी विजेवर चालणारी कोरडी कपाटं इथे मिळतात, पण हवाबंद डबा आणि सिलिका जेलवरही भागतं.

स्वयंपाकघर. डाळ, तांदूळ, पोहे, कढीपत्ता, हिंग, सगळं लिटल इंडिया या भारतीय वस्तीत मिळतं. तिथल्या टेक्का मार्केटात भाजी आणि मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात उरलेलं सगळं. किलोच्या किलो धान्य वाहून आणणं म्हणजे गाढवकाम. जागा द्या ती गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ यांना, आणि आल्या आल्या ती फ्रीझरमध्ये टाका. पापड-कुरडया तुमच्याकडे उन्हात खडखडीत वाळतात, इथे डबा दोनदा उघडला की मऊ पडतात. लहान लहान पिशव्या सीलबंद करून आणा.

पण खसखस अजिबात नको. तिच्यात मॉर्फीनचे अंश असू शकतात म्हणून इथल्या अमली पदार्थ खात्याने ती निषिद्ध मालात धरलीय. पाकीट तर नाहीच, पण घरचा मसाला कुटताना कोणी त्यात खसखस घातलीय का तेही विचारून घ्या, आणि सासूबाईंना अनारसे साध्या साखरेवर थापायला सांगा. गुटखा, चघळायची तंबाखू, व्हेप (ई-सिगारेट) यांवर बंदी आहे. सिगारेटवर ड्युटी-फ्री सवलत नाही, एका पाकिटावरही कर भरावा लागतो. च्युइंग गम १९९२ पासून आणता येत नाही.

कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. घरी गॅस असेल की शेगडी विजेची, हे घर मिळेपर्यंत कळत नाही. वीज २३० व्होल्टच आहे, मिक्सर चालतो, फक्त प्लग चौकोनी तीन पिनांचे. मिक्सरला स्वस्तातला प्रवासी ॲडॅप्टर लावू नका, इथे येऊन धड घ्या.

औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर हेल्थ सायन्सेस अथॉरिटीची (इथल्या औषध खात्याची) परवानगी आधी लागते, त्यासाठी किमान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. घामोळ्यांची पावडर आणाच. नायट्यासाठी आपल्याकडे सर्रास मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं मात्र आणू नका. खाज चार दिवस थांबते आणि मग दुप्पट पसरते. डासांचा स्प्रे इथे मिळतो, पण पहिल्या दिवसापासून लावा. डेंग्यू इथे बारमाही आहे, इतका की घरात कुंडीखाली पाणी साचलेलं आढळलं तर दंड होतो.

कागदपत्रं केबिन बॅगेत, झिपच्या पिशवीत: लग्नाचा दाखला, लेकीचा जन्मदाखला, पदव्या, सगळं मूळ. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना मुक्कामाचा पास मिळायला डिप्थीरिया आणि गोवर यांच्या लसीची नोंद दाखवावी लागते. लसीचं कार्ड आत्ताच शोधा. तारखा पुसट झाल्या असतील तर नागपुरातच डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून, शिक्क्यासह घ्या; इथून फोनवर ते जमवणं फार कटकटीचं.

जानेवारीत उतरताय, म्हणजे ईशान्य मोसमी वारे चालू असतील. कधीकधी दोन-दोन दिवस पाऊस उघडत नाही आणि पारा २२-२३ पर्यंत येतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात "कुठे आहे तो उकाडा?" असं वाटेल. एप्रिलमध्ये कळेल. छत्र्या मोठ्या बॅगेत तळाशी घालू नका. आणि इथे उतरायचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे इथे येणाऱ्यांनी भरायचा फॉर्म, ऑनलाइन भरा. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी.