हार्वर्ड विद्यापीठ खाजगी आहे की सरकारी? तिथलं कॅम्पसवरचं आयुष्य कसं असतं?

आज खाजगी आहे, पण सुरुवात सरकारी पैशानेच झाली. १६३६ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने कॉलेजसाठी ४०० पौंड मंजूर केले. दोन वर्षांनी जॉन हार्वर्ड हा तरुण धर्मोपदेशक वारला. जाताना अर्धी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं त्याने कॉलेजला दिली, म्हणून त्याचं नाव.

गंमत म्हणजे आवारातल्या त्याच्या पुतळ्याखाली ‘संस्थापक, १६३८’ असं कोरलंय. तो संस्थापक नव्हता, सालही चुकलंय आणि चेहरासुद्धा त्याचा नाही! त्याचं चित्रच कुठे नव्हतं, त्यामुळे शिल्पकाराने एका विद्यार्थ्याला समोर बसवून काम भागवलं. पर्यटक नशिबासाठी पुतळ्याचा डावा बूट घासतात. तेवढाच भाग लखलखीत झालाय.

त्याची पुस्तकं मात्र १७६४ च्या आगीत खाक झाली. एक वाचलं, कारण ते त्या वेळी ग्रंथालयाबाहेर होतं.

राहण्याचं म्हणाल तर पदवीचे बहुतेक विद्यार्थी चारही वर्षं कॅम्पसवरच असतात. पहिल्या वर्षाची मुलं प्रामुख्याने जुन्या आवारात राहतात आणि अ‍ॅननबर्ग हॉलमध्ये एकत्र जेवतात. पुढे १२ ‘हाऊस’पैकी, म्हणजे मोठ्या वसतिगृहांपैकी, एक मिळतं, तेही चिठ्ठी निघावी तसं. निकालाच्या दिवशी सीनियर मुलं भल्या सकाळी वेशभूषा करून, आरडाओरडा करत दारं बडवतात आणि कुणाला कुठलं हाऊस लागलं ते सांगतात. झोपेचं खोबरं ठरलेलंच.