अकरावीतच कॉलेजचा कोर्स घ्यावा का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. माझी मुलगी हायस्कूलच्या दहावीत आहे. पुढच्या वर्षी शाळेतील एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा) कॅल्क्युलस न घेता जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) कॅल्क्युलसचा कोर्स करावा, असे तिने ठरवले आहे. शाळेच्या काउन्सेलरची त्याला हरकत नाही. तिला पुढे डॉक्टर व्हायचे आहे. या दोहोंपैकी अधिक उपयोगाचे काय, आणि त्यात काही धोका आहे का? – एक वाचक आई

उत्तर : दोन्ही मार्गांनी विद्यापीठाचे क्रेडिट (पदवीसाठी मोजला जाणारा अभ्यास) मिळू शकते, पण ते मिळण्याची रीत निराळी आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या फरकातच आहे. एपीमध्ये वर्षभर वर्ग शाळेत भरतो, शाळेचा ग्रेड शाळेच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेवर, येतो आणि क्रेडिट मात्र मे महिन्यात कॉलेज बोर्ड ही संस्था घेत असलेल्या परीक्षेतील १ ते ५ या गुणांवर ठरते. हे गुण मनासारखे पडले नाहीत, तर ते विद्यापीठाला सहसा न कळवण्याची मुभा असते. कम्युनिटी कॉलेजात अशी वेगळी परीक्षा नसते. सत्राअखेर प्राध्यापक जो ग्रेड देतात तोच क्रेडिटचा आधार असतो, आणि तो त्या कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमचा राहतो.

मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, म्हणून ही बाब विशेष लक्षात घ्यावी. अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज ज्या एएमकॅस या सामाईक सेवेमार्फत जातात, तिथे हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही नोंदवावे लागतात आणि त्यांचे ग्रेड जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. सोळाव्या वर्षी पडलेला ‘सी’ बाविसाव्या वर्षी भरलेल्या अर्जात असा पुन्हा दिसतो. एका ग्रेडने कोणाचा प्रवेश हुकत नाही, हेही खरे; तरीही ‘सहज करून पाहू’ म्हणून घेण्याचा हा कोर्स नव्हे.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा विचार असेल, तर कम्युनिटी कॉलेजचे पारडे जड आहे. तिथे मान्य असलेला कॉलेजचा एका सत्राचा कोर्स प्रवेशाच्या हिशेबात हायस्कूलच्या पूर्ण वर्षाच्या विषयाइतका धरला जातो आणि एपीप्रमाणेच त्यालाही ऑनर्सचा, म्हणजे कठीण पातळीच्या कोर्सचा, अधिक गुण जीपीएत मिळतो. कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसवर कशाच्या बदली चालतो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आधीच पाहता येते. खासगी किंवा परराज्यातील विद्यापीठांचे नियम मात्र एकसारखे नाहीत. शाळा पूर्ण करण्यासाठी जो कोर्स मोजला गेला, त्याचे क्रेडिट आम्ही पुन्हा देणार नाही, अशी काहींची भूमिका असते. म्हणून मनात असलेल्या तीन-चार विद्यापीठांचे नियम कोर्स घेण्याआधीच वाचून ठेवावेत.

आता अभ्यासाच्या वेगाविषयी. शाळेत वर्षभर चालणारे कॅल्क्युलस कॉलेजात साधारण चार महिन्यांत संपते, आणि उन्हाळी सत्रात तर त्याहूनही लवकर. दोन-तीन चाचण्या आणि अंतिम परीक्षा यांवरच बहुतेक ग्रेड ठरतो. गृहपाठ राहिला म्हणून कोणी आठवण करून देत नाही. आणखी एक गोष्ट पालकांना खटकते. काळजीपोटी आपण प्राध्यापकांना ईमेल पाठवली, तर मुलीच्या प्रगतीबद्दल आपल्याशी बोलता येणार नाही, असेच उत्तर बहुधा येईल. फर्पा या केंद्रीय कायद्यानुसार कॉलेजात नाव नोंदवताच तिथल्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, मग त्याचे वय अठराहून कमी का असेना. त्यामुळे अडचण आली, तर प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरावीक वेळेत) जाऊन तिलाच विचारावे लागेल. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तिने कॉलेजच्या दिनदर्शिकेतील दोन तारखा वहीत लिहून घ्याव्यात : ट्रान्स्क्रिप्टवर कोणतीही खूण न उमटता कोर्स सोडण्याची शेवटची तारीख, आणि ‘डब्ल्यू’ (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) घेऊन सोडण्याची शेवटची तारीख.

खर्चाची बाजू हलकी आहे. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजची फी रहिवाशांना प्रति युनिट (कोर्स मोजण्याचे एकक) ४६ डॉलर असली, तरी अर्धवेळ शिकणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्यांना ती बहुतेक ठिकाणी माफ होते. पुस्तकांचा आणि इतर किरकोळ शुल्कांचा खर्च मात्र येऊ शकतो. शाळेची व पालकांची संमती लागते आणि वर्गातील जागांसाठी या मुलांचा क्रम बहुधा शेवटचा असतो, म्हणून अर्ज लवकर करावा.

माझे मत विचाराल, तर प्रीकॅल्क्युलसमध्ये (कॅल्क्युलसच्या आधीच्या गणितात) तिची पकड पक्की असेल आणि कॉलेजात शिकण्याची ओढ तिची स्वतःची असेल, तर तिला जाऊ द्यावे. केवळ अर्ज भारदस्त दिसावा एवढाच हेतू असेल, तर एपी बरे. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हे वैद्यकीय प्रवेशासाठी लागणारे विषय मात्र आत्ताच उरकण्याची घाई करू नये. काही वैद्यकीय महाविद्यालयांना ते चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले अधिक पसंत असतात.

शेवटी एक किरकोळ वाटणारी, पण हमखास राहून जाणारी गोष्ट : शाळेच्या ट्रान्स्क्रिप्टवर कोर्सचा उल्लेख असला, तरी तेवढ्याने क्रेडिट मिळत नाही. प्रवेश निश्चित झाल्यावर कम्युनिटी कॉलेजकडे स्वतंत्र अर्ज करून तिथले अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट थेट विद्यापीठाकडे पाठवावे लागते.